ओतीव पोलादाची प्रत आणि वऱ्हाडचा हिशेब



मूर्तिजापूर जंक्शनावरून एकेकाळी एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ वऱ्हाडातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. यवतमाळची वाट १९०३ साली आणि अचलपूरची १९१३ साली सुरू झाली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही वाट उभारली ती उतारूंच्या सोयीसाठी नव्हे, तर कपाशीसाठी. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या वाटेवर १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. सत्तर वर्षे एक यंत्र टिकले, याचे कौतुक करताना विलायती कारागिरीचे गोडवे गाण्याची प्रथा आहे. कारागिरी होतीच, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ते पोलाद इतके टिकाऊ कसे झाले, त्याचा जुना रोग कोणी व कशाने बरा केला, आणि त्या औषधाची मुळी कोणाच्या जमिनीतून खणून नेली गेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला तर उत्तराची एक वाट थेट बडनेरा आणि अकोला स्थानकांवरून जाते.

प्रथम धातूविषयी थोडे. बीड, घडीव लोखंड आणि पोलाद ही तिन्ही लोखंडाचीच रूपे होत, फरक मुख्यतः कर्बाच्या प्रमाणाचा. बिडात कर्ब शेकडा तीन-चार असतो, म्हणून ते साडेअकराशे-बाराशे अंशांवर पातळ होते, साच्यात सुरेख भरते, आणि तव्यासारखे पडले की फुटते. घडीव लोखंडात कर्ब जवळजवळ नसतो. ते चिवट असते, घणाखाली वाकते, परंतु ओतता येत नाही. पोलाद या दोहोंच्या मधले. बिडासारखा हवा तो आकार ओतून घ्यावा आणि घडीव लोखंडासारखा चिवटपणा मिळावा, ही यंत्रयुगाची मागणी होती. रेल्वेच्या चाकाचा गाभा, सांधा बदलण्याच्या जागेचा रूळ, रुई दाबणाऱ्या प्रेसचे सिलिंडर हे सारे भाग धक्का आणि दाब सोसणारे. घडीव लोखंडात त्यांचा आकार साधणे महाग, आणि बिडात ते केले तर जिवाला धोका. वेल्समधील ब्रिटानिया पुलाचे अवजड भाग उचलताना १८४९ साली जलदाबयंत्राचे बिडाचे सिलिंडर फुटले. रुईची सुमारे चारशे पौंडांची गाठ याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रात बांधली जाई. प्रेसघरात काम केलेल्या कोणासही त्या दाबाची ओळख करून देण्याचे कारण नाही.

मग पोलाद ओतण्यात अडचण कोणती होती? एक नव्हे, तीन होत्या, आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या. पोलाद पातळ व्हायला सुमारे पंधराशे अंश उष्णता लागते. त्या उष्णतेला बिडाच्या ओतशाळेतील साधी वाळू टिकत नाही. ती वितळून धातूला चिकटते आणि ओतीव भागाचा पृष्ठभाग खरखरीत, खवल्यांचा होतो. दुसरे, थिजताना व निवताना पोलाद फार आखडते. मीटरभर लांबीच्या भागात घन अवस्थेतच सुमारे दोन सेंटीमीटर, म्हणजे बिडाच्या जवळजवळ दुप्पट. आखडणाऱ्या धातूला साच्याने अडविले की तो तडकतो. आणि बाहेरची साल आधी थिजून आतला पातळ धातू आखडला, की पोटात पोकळी राहते. तिसरी अडचण सर्वांत फसवी, ती वायूची. वितळलेल्या पोलादात विरघळलेला प्राणवायू थिजण्याच्या वेळी कर्बाशी मिळतो आणि कर्बवायूचे बुडबुडे निघतात. चुलीवरचे दूध जसे काठावर चढते तसे पोलाद साच्यात चढते. जे बुडबुडे सुटतात ते सुटतात, जे आत अडकतात ते कायमचे. वरून भाग गुळगुळीत, आतून जाळी. लेथवर चढवून वरची कातडी काढली की कारागिराच्या पुढ्यात भोके उघडी पडत. तोवर सगळी मजुरी गेलेली असे. भोके उघडी न पडता भाग यंत्रात गेला तर त्याहून वाईट.

शेफील्डच्या हंट्समनने अठराव्या शतकाच्या मध्यास मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली होती. परंतु त्या पोलादाच्या लगडी ओतून पुढे घणाखाली घडवीत असत. सरळ आकारच ओतण्याचे धाडस जर्मनीतील बोखुम येथील याकोब मायर याने केले. त्याने पोलादाच्या घंटा ओतल्या आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. त्याचा प्रतिस्पर्धी, तोफांचा कारखानदार क्रुप, याने जाहीर आरोप केला की हे पोलाद नव्हेच, बीड आहे. तेव्हा घंटा फोडण्यात आली आणि तिचा तुकडा तापवून घणाखाली ठोकण्यात आला. बीड असते तर तुकड्याचा भुगा झाला असता. तो वाकला, घडला. वाद मिटला. दाव्याची परीक्षा चारचौघांत, माल फोडून, व्हावी ही पद्धत त्या काळच्या भांडवलदारांत स्पर्धेपोटी आली होती. तिचा स्वीकार लोकहितासाठी करण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु मायरची रीत महाग होती. मुशी लहान, कोळसा अफाट, आणि साच्यासाठी फुटक्या मुशींची भुकटी करून मिश्रण बनवावे लागे. घंटेपुरते हे ठीक. देशोदेशींच्या रेल्वेला लागणारे पोलाद असे पुरविता येणार नव्हते.

स्वस्त पोलादाची वाट बेसेमरने १८५६ साली दाखविली, हे शाळेच्या पुस्तकातही असते. वितळलेल्या बिडातून हवा फुंकायची, कर्ब जळून जातो, वेगळे इंधन लागत नाही. पुस्तकात सहसा नसते ते पुढचे. ज्या कारखानदारांनी पैसे मोजून बेसेमरचा परवाना घेतला त्यांच्या हाती आलेले पोलाद ठिसूळ निघे. याची कारणे दोन. एक, खनिजातील फॉस्फरस. दुसरे, हवा फुंकताना धातूत प्राणवायू प्रमाणाबाहेर मुरत असे. या दुसऱ्या दोषावरचा उपाय फॉरेस्ट ऑफ डीन येथे राहणाऱ्या रॉबर्ट मशेट याच्याकडे होता. जर्मनीतून येणारे, मँगेनीजयुक्त, आरशासारखे चकाकणारे एक बीड तो पोलादात शेवटी टाकी. मँगेनीजला प्राणवायूची ओढ लोखंडाहून अधिक. ते प्राणवायूला धरून मळीत घेऊन जाते. गंधकालाही ते बांधून ठेवते, म्हणून पोलाद लाल असताना तुटत नाही. मशेटच्या पोलादाचा एक रूळ १८५७ साली डर्बी स्थानकात टाकण्यात आला. त्या जागी लोखंडी रूळ सहा महिन्यांत, कधी तीन महिन्यांतच बदलावा लागे. मशेटचा रूळ सोळा वर्षांनीही जागेवर होता.

मशेटचे पुढे काय झाले? पेटंट टिकविण्यासाठी तिसऱ्या वर्षी मुद्रांकशुल्क भरावे लागे. ते भरले गेले नाही आणि १८५९ साली त्याचा हक्क बुडाला. बेसेमर गडगंज झाला. मशेट आजारी आणि कर्जबाजारी असताना त्याची सोळा वर्षांची मुलगी मेरी १८६६ साली लंडनला बेसेमरपुढे जाऊन उभी राहिली. तुमचा धंदा माझ्या वडिलांच्या शोधावर चालतो, असे तिचे म्हणणे होते. बेसेमरने वर्षाला तीनशे पौंडांची नेमणूक करून दिली. हक्क म्हणून नव्हे, उपकार म्हणून. मोबदल्याऐवजी दान देण्याची ही तऱ्हा वऱ्हाडच्या सालदाराला नवी वाटू नये.

मँगेनीजने रुळाचे पोलाद सुधारले, तरी गुंतागुंतीचे ओतीव भाग निर्दोष निघायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. फ्रान्समधील तेरनुआर येथील कारखान्याने सिलिकॉन व मँगेनीज एकत्र वापरून जाळीविरहित ओतीव पोलाद बनविले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले. रशियात चेर्नोव्हने १८६८ साली दाखविले की पोलाद विशिष्ट तापमानांवर आपली अंतर्रचना बदलते. साच्यातून निघालेला भरड कणांचा ठिसूळ भाग पुन्हा लाल तापवून सावकाश निवविला तर कण बारीक होतात व चिवटपणा येतो, हे भट्टीवरच्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते. आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. शेफील्डच्या तरुण हॅडफील्डने १८८२ साली मँगेनीजचे प्रमाण शेकडा बारा-तेरापर्यंत नेले. थोडे वाढविले तर पोलाद ठिसूळ होते म्हणून इतरांनी जो नाद सोडला होता, तो त्याने पुढे रेटला. जे हाती आले ते विलक्षण होते. पाण्यात बुडवून निवविले तर चिवट, आणि वापरात जितके ठोकावे तितके वरून कठीण होणारे. रेल्वेच्या सांध्यांसाठी व खडी फोडणाऱ्या यंत्रांच्या जबड्यांसाठी आजही हेच पोलाद ओततात, कारण यंत्रावर कातून त्याला आकार देणे जवळजवळ अशक्य आहे. याच हॅडफील्डच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा लागू झाला, हेही नमूद केले पाहिजे. उत्तम प्रतीचा माल थकलेल्या हातांनी निघत नाही, हे एका मालकाला तरी लवकर समजले.

या नामावळीत न येणारी माणसे मात्र ओतारी होत. साच्यातील आखडण्याची पोकळी टाळण्यासाठी भागाच्या जाड अंगावर पातळ धातूचा एक साठा उभा ठेवतात. ओतशाळेत त्याला रायझर म्हणतात. तो सर्वांत शेवटी थिजला पाहिजे, म्हणजे खालचा भाग आखडताना त्याच्यातून धातू ओढून घेतो. तो कुठे ठेवायचा, किती मोठा, साच्याला वायू सुटायला वाटा कोठे टोचायच्या, गाभ्याची वाळू किती घट्ट ठासायची म्हणजे धातू आखडताना ती ढासळेल, हे कोणत्याही पेटंटात लिहिलेले नव्हते. ते पिढ्यांच्या हातांत होते. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील जेम्स नॅस्मिथने १८३८ साली दांत्यांच्या चाकाने कलंडणारी ओतपळी बनविली. तीपूर्वी वितळलेल्या धातूची मोठी पळी अनेक मजूर दांड्यांनी कलंडवीत. एकाचा तोल गेला की सगळे भाजत. नव्या पळीमुळे एक माणूस सावकाश, अखंड धार धरू शकला. माणसेही वाचली आणि धार न तुटल्यामुळे ओतकामही सुधारले. नॅस्मिथने या पळीचे पेटंट घेतले नाही, ती सर्व ओतशाळांना मोकळी ठेवली. सुरक्षितता आणि प्रत या दोन गोष्टी एकाच दांत्याच्या चाकावर फिरल्या, याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

फॉस्फरसचा प्रश्न सोडविणारा सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातील कारकून होता. दिवसा नोकरी, रात्री रसायनशास्त्राचे वर्ग. भट्टीला चुनखडीच्या जातीचे अस्तर दिले की फॉस्फरस मळीत जातो, हे त्याने १८७९ साली मिडल्सबरोला मोठ्या प्रमाणावर सिद्ध करून दाखविले. चौतिसाव्या वर्षी, १८८५ साली, तो वारला. मिळालेला पैसा कष्टकऱ्यांच्या कल्याणासाठी खर्च व्हावा अशी त्याची इच्छा होती आणि त्याच्या बहिणीने ती पाळली.

आता ज्या मँगेनीजने हा सारा कायापालट केला, त्याच्याकडे वळले पाहिजे. एक टन पोलादाला ते काही किलोच लागते, परंतु त्यावाचून चालत नाही. जर्मनीचे मूळ बीड मँगेनीजात गरीब होते. श्रीमंत खनिजाचा शोध सुरू झाला तेव्हा प्रथम काकेशस आणि नंतर हिंदुस्थान पुढे आला. विजयनगरम भागात १८९२ च्या सुमारास खाणकाम सुरू झाले आणि १९०० च्या आगेमागे नागपूर जिल्ह्यात. मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे भंडाऱ्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग, आणि बालाघाट. हे खनिज निम्म्याहून अधिक मँगेनीजचे, जगात उत्तम गणले गेलेले. १९०७ साली हिंदुस्थानातून सुमारे ९ लाख टन खनिज निघाले. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर याने १९०९ साली या साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. उघड्या खाणींतून स्त्री-पुरुष मजूर हातांनी दगड फोडीत, निवडीत, डोक्यावरून वाहून नेत. निवडलेला माल रेल्वेच्या वाघिणींत भरला जाई. त्यातील काही कलकत्त्याकडे आणि काही नागपूर, बडनेरा, अकोला, भुसावळ या वाटेने मुंबई बंदराकडे. पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद होऊन रशियाचे मँगेनीज अडकले, तेव्हा ब्रिटनच्या पोलादाचा श्वास या खनिजावर चालला.

याच रुळांवरून कपाशीच्या गाठी जात. खामगावचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडण्यात आला तो त्यांच्यासाठीच. म्हणजे एका वाघिणीत वऱ्हाडची रुई, दुसरीत नागपूर-भंडाऱ्याचे मँगेनीज, आणि परतीच्या वाटेवर जिनिंगची यंत्रे, प्रेसची सिलिंडरे, रूळ, चाके आणि लुगडी. ज्या खनिजाने विलायती पोलादातील भोके बुजली, ते येथून दगडाच्या भावाने गेले. ती भोके बुजविण्याची विद्या मात्र परतीच्या गाडीत कोणी चढविली नाही. वसाहतीची लूट म्हणजे केवळ मालाची लूट, अशी एक सवयीची समजूत आहे. मालापेक्षा मोठी गोष्ट न मिळालेल्या सरावाची आहे. शंभर वेळा साचा बिघडल्याखेरीज ओतारी तयार होत नाही, आणि बिघडविण्याची ती संधीच या भूमीला नाकारली गेली.

पोलादाचा कारखाना विदर्भात होण्याचा योग एकदा आला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून चालू होती. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाविषयीचा जर्मन तज्ज्ञाचा १८८२ सालचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि तेथेच पोलादाची कल्पना त्यांच्या मनात रुजली. परंतु वरोऱ्याचा कोळसा परीक्षेत उतरला नाही, आणि खाणीच्या परवान्याच्या सरकारी अटी इतक्या जाचक होत्या की बेत बासनात गेला. कर्झनच्या कारकिर्दीत १८९९ साली अटी सैल झाल्यावर शोध पुन्हा सुरू झाला. दोराबजी टाटा नागपूरला आले असताना त्यांना तेथील संग्रहालयात नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण दिसली, आणि पुढे प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ च्या पत्राने शोध मयूरभंजकडे वळला. जमशेदपूरला १९१२ साली पहिली पोलादाची लगड निघाली. कोळसा नसेल तेथे भट्टी उभी राहत नाही, यात कोणाचा दोष नाही. सतरा वर्षे परवान्याच्या अटी रोखून धरल्या गेल्या, हा मात्र निसर्गाचा दोष नव्हे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो इंग्रजांवर ढकलून चालणार नाही. कोल्हापूरलाही कोळसा नव्हता, लोहखनिजाची भट्टी नव्हती. परंतु उसाचे चरक आणि पुढे ऑइल इंजिने दुरुस्त करता करता तेथल्या मिस्त्रींनी स्वतःच्या ओतशाळा उभारल्या आणि उद्यमनगर वसले. वऱ्हाडात तर अकोला, अमरावती, खामगाव, अकोट, मूर्तिजापूर येथे जिन-प्रेसांचे जाळे कोल्हापूरच्या कितीतरी आधी पसरले होते. येथे ते का झाले नाही? एक कारण हंगामाचे आहे. जिन वर्षातले चार-पाच महिने चालतो, उरलेल्या काळात फिटरला काम नाही. खरे कारण मालकीचे आहे. जिन-प्रेसांचे मालक व्यापारी होते आणि त्यांनी ‘पूल’ करून ठेवले होते. दर संगनमताने ठरवायचे, काही कारखाने मुद्दाम बंद ठेवायचे, आणि बंद कारखान्याच्या मालकालाही नफ्याचा वाटा द्यायचा. सरकारला १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगचा स्वतंत्र कायदा करावा लागला, तरी त्याचा रोख प्रामुख्याने रुईतील भेसळीवर होता. यंत्र न चालविताच पैसा मिळत असेल तर ते सुधारण्याची, त्याचा सुटा भाग गावातच ओतून घेण्याची गरज मालकाला का वाटावी? पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी साखर कारखान्याचा सभासद झाला, वऱ्हाडात तो जिनच्या फाटकाबाहेर गाडीवर बसून राहिला. ओतीव पोलादाच्या प्रतीचा आणि मालकीचा संबंध असा आहे.

स्वातंत्र्यानंतर काही बदलले. मँगेनीज ओअर इंडिया ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली, तेव्हा ५१ टक्के भाग केंद्र व राज्य सरकारांचा आणि ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीचा होता. तो ४९ टक्केही १९७७ साली घेण्यात आला. खाणी लोकांच्या झाल्या. २०१० साली त्यातील काही भाग शेअरबाजारात विकण्यात आला, हाही इतिहासच. चंद्रपूरला १९७४ साली राज्य सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी स्थापन झाली, पुढे ती केंद्राच्या पोलाद प्राधिकरणात गेली. म्हणजे मँगेनीजवर प्रक्रिया विदर्भात होऊ लागली. परंतु साखळीचा शेवटचा दुवा, पोलाद ओतून यंत्रभाग बनविण्याचा, वऱ्हाडापर्यंत पोहोचला नाही. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा काढला, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटींचा. या मोजणीत तांत्रिक शिक्षणही होते. वैधानिक विकास मंडळ १९९४ साली आले आणि एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. अनुशेष रुपयांत मोजता येतो. न घडलेले ओतारी कोणत्या रकान्यात मोजायचे?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गावोगावी भट्ट्या पेटविल्या की प्रश्न सुटतो, असे मानणारे भाबडे लोक समाजवादी चळवळीतही आहेत. चीनमध्ये १९५८ साली हेच झाले. कोट्यवधी शेतकऱ्यांना परसातील भट्ट्यांवर लावले, घरची भांडी व अवजारे वितळविली, पीक शेतात राहिले. त्या वर्षी १ कोटी १० लाख टन पोलादाची घोषणा झाली. पुढच्या वर्षी सरकारलाच कबूल करावे लागले की त्यातील सुमारे ३० लाख टन उद्योगाच्या उपयोगाचे नव्हते. आकडा वरून ठरला आणि परीक्षा कोणी घेतली नाही, त्याचे हे फळ. त्यापाठोपाठ दुष्काळ आला. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला, तेव्हा अकोला-अमरावती आणि पचमढी एकाच मध्य प्रदेश राज्यात होती. त्या विचारातले लहान यंत्र म्हणजे मागासलेले यंत्र नव्हे. लहान, परंतु नव्या विज्ञानाने चालणारे, कामगाराच्या आटोक्यातले. विजेच्या लहान भट्टीने आज ते तांत्रिकदृष्ट्या शक्य केले आहे. पाचशे किलोची भट्टीही उत्तम पोलाद देऊ शकते.

‘शकते’ या शब्दावर मात्र भर आहे. वऱ्हाडच्या शेजारी, जालन्यात, विजेच्या भट्ट्यांवर भंगारापासून पोलाद बनविण्याचा मोठा धंदा उभा आहे, आणि अशा भट्टीचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. वाळूच्या जातीचे अस्तर असलेली इंडक्शन भट्टी धातू वितळविते, शुद्ध करीत नाही. भंगारातून आलेला फॉस्फरस व गंधक तसाच मालात उतरतो. टॉमसने १८७९ साली सोडविलेला प्रश्न अस्तर बदलल्यामुळे पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून भंगाराची निवड, प्रत्येक घाण्याचा नमुना, ओतण्याच्या आधी मँगेनीज-सिलिकॉनचे माप आणि शेवटी चिमूटभर ॲल्युमिनियम, याला पर्याय नाही. नगावर मजुरी देणारा कंत्राटदार हे करणार नाही. घाई त्याच्या फायद्याची असते. साचा नीट वाळण्याआधी धातू ओतला की ओलाव्याची वाफ होऊन जाळी पडते, कधी धातू उसळून अंगावर येतो. रायझर लहान ठेवला की धातू वाचतो आणि भाग पोकळ निघतो. प्रत घसरते ती कामगाराला अक्कल नाही म्हणून नव्हे. त्याला थांबा म्हणण्याचा अधिकार नाही म्हणून.

आणि वाळू. साच्याची वाळू बारीक झाली, कास्टिंग झटकताना ती उडाली, की तिचे कण फुप्फुसात बसतात. सिलिकोसिसला औषध नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याची गणना कळविणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत केली होती. परंतु लहान ओतशाळेतील माणूस खोकत घरी जातो, क्षयाची औषधे घेतो आणि कोणत्याही नोंदवहीत न येता मरतो. धूळ ओढून घेणारा पंखा आणि ओली झाडणी हा खर्चाचा विषय आहे, शोधाचा नव्हे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मागणी कोणती करायची, हे यातून ठरते. औद्योगिक वसाहतीत आणखी भूखंड, आणखी सवलती, ही जुनी यादी पुन्हा टंकलिखित करण्यात अर्थ नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. अमरावती आणि अकोला अशा दोन्ही ठिकाणी सार्वजनिक मालकीची एकेक धातुपरीक्षा शाळा हवी, जेथे पाच माणसांची ओतशाळाही नाममात्र दराने आपल्या घाण्याचा नमुना देईल आणि धातू निवण्याआधी नव्हे तरी त्याच दिवशी उत्तर मिळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोल्डर व भट्टीकामगार शिकविताना शिक्षक म्हणून ओतशाळेत आयुष्य घालविलेला माणूस पदवीच्या अटीवाचून नेमता आला पाहिजे. जिन-प्रेस, तेलघाण्या आणि दालमिल यांना लागणाऱ्या सुट्या भागांची यादी सहकारी संस्थांनी एकत्र करून त्यांचे काम हंगामाबाहेरच्या महिन्यांत स्थानिक ओतशाळांना द्यावे, म्हणजे फिटरला बाराही महिने काम राहील. रेल्वेच्या सांध्यांचे मँगेनीज पोलादाचे भाग ओतण्याचे काम विदर्भात का होऊ नये, हा प्रश्न लोकसभेत विचारण्यासारखा आहे. आणि परीक्षेचा जो अहवाल येईल, शेकडा कर्ब किती, फॉस्फरस किती, किती घाणे नापास झाले, त्याच्या शेजारी त्या आठवड्यातील हवेतील धुळीचे मोजमाप, ही दोन्ही मराठीत लिहून ओतशाळेच्या फाटकावर, हजेरीच्या फळ्याशेजारी, दर सोमवारी लागली पाहिजेत.